घरापासून किती फुटांवर?

घराच्या मागच्या मोकळ्या जागेत तेलविहीर खोदणार असल्याची नोटीस हातात पडली, की माणूस सर्वांत आधी एकच गोष्ट विचारतो: ती घरापासून किती लांब असली म्हणजे धोका नाही? प्रश्न अगदी सरळ आहे आणि उत्तरात एक आकडा मिळेल अशी आपली अपेक्षा असते. अमेरिकेच्या कोलोराडो राज्यात हा प्रश्न नगरपालिकांच्या सभांत, न्यायालयांत, विधिमंडळात आणि मतपेटीत वर्षानुवर्षं विचारला गेला. तिथे आधी १५० आणि ३५० फूट असं उत्तर होतं. पुढे ते ५०० फूट झालं. मग २५०० फुटांची मागणी मतदानात हरली आणि दोनच वर्षांनी सरकारी आयोगाने २००० फूट मान्य केलं. जमीन तीच, तेल तेच, माणसंही बरीचशी तीच असताना आकडा इतका का हलला? या प्रकरणात आपण तेच टप्प्याटप्प्याने समजून घेऊ.

१. जमिनीखाली काय चालतं?

डेन्व्हर शहराच्या उत्तरेला वॉटनबर्ग नावाचं तेल आणि वायूचं मोठं क्षेत्र आहे. ते १९७० मध्ये सापडलं. त्याचा बराचसा भाग वेल्ड कौंटीत येतो. कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा कारभाराचा विभाग. कोलोराडोच्या एकूण तेलापैकी फार मोठा वाटा या एकट्या वेल्ड कौंटीतून निघतो.

जमिनीखाली तेलाचा तलाव असतो, त्यात नळी सोडली की तेल वर येतं, असं चित्र अनेकांच्या मनात असतं. इथे तसं नाही. सुमारे दोन किलोमीटर खोलीवर नायोब्रारा नावाचा खडकाचा थर आहे आणि तेल त्या खडकाच्या कणाकणांत अडकलेलं आहे. रात्रभर पाण्यात भिजवलेली वीट डोळ्यांपुढे आणा. विटेत पाणी भरपूर असतं, पण तिला भोक पाडलं म्हणून धार लागत नाही. पाणी हवं तर विटेला आतून बारीक तडे द्यावे लागतील.

हे तडे देण्याच्या पद्धतीला फ्रॅकिंग म्हणतात. पाणी, वाळू आणि काही रसायनं यांचं मिश्रण प्रचंड दाबाने विहिरीत ढकलतात. खडकाला तडे जातात, वाळूचे कण त्या तड्यांत अडकून त्यांना उघडं ठेवतात आणि तेल व वायू विहिरीकडे वाहू लागतात. एका विहिरीला कोट्यवधी लिटर पाणी लागतं.

फ्रॅकिंग नवं नाही. त्याचा पहिला प्रयोग १९४७ मध्ये कॅन्सस राज्यात झाला होता. विहीर उभी खाली नेऊन मग आडवी वळवण्याचं तंत्र त्याला जोडलं गेलं, तेव्हा चित्र पालटलं. आता विहीर थरापर्यंत उतरते आणि तिथून थराच्या आतून मैल, दोन मैल किंवा त्याहूनही लांब आडवी जाते. शिवाय एकाच सपाट केलेल्या जागेवरून अशा दहा, वीस किंवा त्याहून अधिक विहिरी वेगवेगळ्या दिशांना नेता येतात. या जागेला पॅड म्हणतात.

याचे दोन परिणाम होतात आणि पुढच्या वादासाठी दोन्ही महत्त्वाचे आहेत. पहिला असा की तेल तुमच्या घराखालचं असलं तरी पॅड तुमच्या अंगणात असण्याची गरज उरत नाही, तो मैलभर दूर असला तरी चालतं. दुसरा असा की ज्याच्या घराजवळ पॅड येतो, त्याच्या वाट्याला एका विहिरीऐवजी वीस विहिरींचं काम येतं. खोदणं, फ्रॅकिंग, मग तेलाबरोबर वर येणारं गढूळ पाणी वेगळं करणं असे टप्पे कित्येक महिने चालतात. नंतर उत्पादन सुरू होतं आणि ते काही दशकं टिकू शकतं.

२. घर माझं, मग खालचं तेल दुसऱ्याचं कसं?

भारतात सातबारा आपल्या नावावर असला तरी जमिनीखालचं तेल काढण्याचा परवाना सरकार देतं आणि रॉयल्टीही सरकारकडे जाते. अमेरिकेत तसं नाही. तिथे जमिनीखालचं खनिज खासगी मालकीचं असू शकतं, आणि जमिनीचा पृष्ठभाग एकाच्या नावावर तर खालचं खनिज दुसऱ्याच्या नावावर अशी विभागणीही होऊ शकते.

कोलोराडोत ही विभागणी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वेमार्ग टाकण्यासाठी अमेरिकी सरकारने युनियन पॅसिफिक कंपनीला रुळांच्या दोन्ही बाजूंच्या जमिनी दिल्या. पुढे या जमिनी शेतकऱ्यांना विकताना कंपनीने अनेक ठिकाणी खालचे खनिज हक्क स्वतःकडे ठेवले. १९१६ च्या एका कायद्याने पशुपालकांना सरकारी जमिनी मिळाल्या, पण त्यांतही खनिज सरकारने राखून ठेवलं. शंभर वर्षांनी त्या शेतांवर बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. घर घेणाऱ्या अनेकांना आपल्या पायाखालचे हक्क दुसऱ्याचे आहेत हे विहिरीची नोटीस आल्यावरच समजलं.

ज्यांच्याकडे खनिज हक्क आहेत, त्यांनाही सरसकट नाही म्हणता येत नाही. आडवी विहीर अनेकांच्या खनिजातून जाते. काहींनी करार केला आणि काहींनी नकार दिला, तर राज्याचा आयोग सगळ्यांचे हक्क सक्तीने एका गटात घालू शकतो. नकार देणाऱ्याला ठरलेला मोबदला मिळतो, पण विहीर थांबत नाही. २०१९ पर्यंत यासाठी कंपनीकडे अगदी थोड्या मालकांची संमती असली तरी चालत होतं.

पैशाची वाटणी कशी होते ते एका कल्पित हिशोबातून पाहू. समजा १२८० एकरांचा एक गट आहे. त्यातल्या विहिरींतून महिन्याला १० लाख डॉलरचं तेल विकलं जातं आणि खनिज मालकांचा हिस्सा एक अष्टमांश आहे. म्हणजे १ लाख २५ हजार डॉलर मालकांमध्ये वाटायचे. ज्या शेतकऱ्याकडे १६० एकरांचे खनिज हक्क आहेत, त्याला महिन्याला १५,६२५ डॉलर मिळतील. ज्याच्याकडे पाव एकराचं घर आणि तेवढेच खनिज हक्क आहेत, त्याला सुमारे २४ डॉलर मिळतील. ज्याच्याकडे घर आहे पण खनिज हक्क नाहीत, त्याला काहीच मिळणार नाही.

हे तिघे एकाच रस्त्यावर राहत असू शकतात आणि तिघांच्या घरी एकाच पॅडचा आवाज येत असतो. सभेत एक जण विहिरीच्या बाजूने उभा राहतो आणि दुसरा विरोधात. त्याचं मूळ अनेकदा या वाटणीत सापडतं.

३. त्रास आणि धोका

त्रास आणि धोका वेगवेगळे मोजावे लागतात. रात्रंदिवस चालणारी यंत्रं, प्रखर दिवे, कंपनं, पाणी आणि वाळू वाहणारे अवजड ट्रक हा त्रास. तो डोळ्यांना दिसतो, कानांना ऐकू येतो. उंच ध्वनिरोधक भिंती उभारून, विजेवर चालणारी यंत्रं वापरून, ट्रकऐवजी पाइपलाइन टाकून तो कमी करता येतो.

धोका मात्र हवेत मिसळलेला असतो. तेल आणि वायूबरोबर बेंझीनसारखी रसायनं बाहेर पडतात. बेंझीनने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, हे वैद्यकशास्त्रात पक्कं ठरलेलं आहे. प्रश्न मात्रेचा आहे: विहिरीपासून अमुक अंतरावर राहणाऱ्याच्या श्वासात ते किती जातं?

कोलोराडो विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागातल्या लिसा मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर अनेक अभ्यास केले. २०१७ च्या अभ्यासात त्यांना असं दिसलं, की ५ ते २४ वयोगटातल्या रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगाचे रुग्ण दाट विहिरींच्या भागात राहत असण्याची शक्यता इतर कर्करोगांच्या रुग्णांपेक्षा चौपटीहून अधिक होती. पण अशा रुग्णांची एकूण संख्या शंभरापेक्षा कमी होती. एवढ्या थोड्या नोंदींवरून दोन गोष्टी एकत्र आढळतात इतकं कळतं, एकीमुळेच दुसरी झाली हे सिद्ध होत नाही. इशारा म्हणून मात्र अशा निष्कर्षाची दखल घ्यायलाच हवी, कारण पुरावा पूर्ण होईपर्यंत वाट पाहायची तर ती त्या भागातल्या मुलांना पाहावी लागते.

२०१८ च्या त्यांच्या अभ्यासात हवेचे नमुने मोजून अंदाज काढला होता. विहिरींपासून ५०० फुटांच्या आत आयुष्यभर राहणाऱ्यांना कर्करोगाचा जादा धोका दहा हजारांत ८.३ इतका निघाला. म्हणजे असे १२०० लोक आयुष्यभर तिथे राहिले, तर त्यांच्यातल्या साधारण एकाला या हवेमुळे कर्करोग होईल. अमेरिकेची पर्यावरण संस्था दहा लाखांत एक ते दहा हजारांत एक इतका धोका सहन करण्याजोगा मानते. हा अंदाज त्या वरच्या मर्यादेच्या आठपट आहे.

ऑक्टोबर २०१९ मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाने करवून घेतलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात विहिरींवरची प्रत्यक्ष मोजमापं घेऊन संगणकावर हवेचं गणित मांडलं होतं. ३०० ते २००० फुटांच्या पट्ट्यात हवा प्रतिकूल असेल तेव्हा डोकेदुखी, नाकातून रक्त येणं, श्वासाचा त्रास अशी तात्पुरती लक्षणं दिसू शकतात, असा त्याचा निष्कर्ष होता. विहीर खोदून पूर्ण होईपर्यंतच्या काळात, विशेषतः फ्रॅकिंगनंतर द्रव परत वर येतो तेव्हा, ही शक्यता अधिक होती. यातली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. गणित २००० फुटांपर्यंतच केलेलं होतं. तेव्हा २००१ व्या फुटावर हवा निर्धोक होते असं या अभ्यासाने म्हटलेलं नाही.

४. फायरस्टोन: घरच विहिरीजवळ आलं तेव्हा

आतापर्यंत आपण विहीर घराजवळ येते असं धरून चाललो. उलटही घडतं. वेल्ड कौंटीची लोकसंख्या १९९० मध्ये सुमारे १ लाख ३२ हजार होती, २०२० मध्ये ती ३ लाख २९ हजारांच्या आसपास गेली. माणसं शेतांकडे सरकली आणि शेतांत आधीपासून विहिरी होत्या.

फायरस्टोन हे डेन्व्हरच्या उत्तरेचं असंच वाढतं गाव. तिथे १९९३ मध्ये खोदलेल्या एका विहिरीपासून २०० फुटांच्याही आत नवी घरं बांधली गेली. १७ एप्रिल २०१७ रोजी त्यांतल्या एका घरात स्फोट झाला. तळघरात काम करत असलेले दोन पुरुष मरण पावले आणि घरातली एक स्त्री गंभीर जखमी झाली.

तपासात जे पुढे आलं ते असं. विहिरीला पूर्वी जोडलेली एक इंच व्यासाची नळी जमिनीखाली तशीच राहिली होती. ती घराजवळ कापली गेलेली होती, तिचं तोंड बंद केलेलं नव्हतं आणि विहिरीकडचं टोक अजून जोडलेलं होतं. त्या नळीतून वायू मातीत झिरपत राहिला आणि पाणी निचरा होण्याच्या व्यवस्थेतून तळघरात शिरला. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून वास मिसळलेला असतो. विहिरीतून थेट आलेल्या वायूला असा वास नव्हता, म्हणून घरातल्यांना कसलीच सूचना मिळाली नाही.

त्या विहिरीची कंपनी अ‍ॅनाडार्को हिने त्यानंतर ३००० हून अधिक जुन्या विहिरी तपासणीसाठी बंद केल्या. वस्तीच्या इमारतींपासून १००० फुटांच्या आतल्या सगळ्या नळ्या तपासण्याचा आदेश राज्याने दिला.

राज्याचा अंतराचा नियम नव्या विहिरीला बांधतो. जुन्या विहिरीजवळ नवं घर बांधू द्यायचं की नाही, हे स्थानिक पालिका किंवा कौंटी ठरवते आणि तिथले आकडे बहुतेकदा कितीतरी लहान असतात. सभांमध्ये भांडण विहिरीच्या अंतरावर रंगतं, पण बिल्डरने घर कुठे बांधावं यावर तेवढ्या जोराने बोललं जात नाही. फायरस्टोनमध्ये माणसं गेली ती नेमकी या दुर्लक्षित बाजूने. नव्या पॅडसाठी कितीही मोठं अंतर ठरवलं, तरी जुन्या विहिरी आणि बेवारस नळ्या नकाशावर आणल्याशिवाय घर सुरक्षित झालं असं म्हणता येणार नाही.

५. ५०० आणि २५०० फुटांत फरक किती?

पाचपट, असं उत्तर चटकन येतं. अंतरापुरतं ते बरोबर आहे. पण घराभोवती राखलेली जागा वर्तुळाकार असते आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं. हिशोब मांडून पाहा. ५०० फूट त्रिज्येच्या वर्तुळात साधारण १८ एकर जमीन येते. २००० फुटांच्या वर्तुळात २८८ एकर आणि २५०० फुटांच्या वर्तुळात ४५१ एकर. अंतर पाचपट झालं की एका घराभोवती बंद होणारी जमीन पंचवीसपट होते.

२०१८ मध्ये २५०० फुटांचा प्रस्ताव मतदानाला आला, तेव्हा राज्याच्या तेल आयोगाने नकाशा मांडून सांगितलं की संघराज्याच्या मालकीची जमीन वगळता उरलेल्या जमिनीपैकी ८५ टक्के जमिनीवर नवी विहीर खोदता येणार नाही. प्रस्तावात घरांबरोबर शाळा, मैदानं, ओढे, जलाशय यांपासूनही अंतर मागितलं होतं, त्यामुळे वर्तुळं एकमेकांना भिडत गेली आणि मोकळी जागा उरेना.

आता पहिल्या भागातली आडवी विहीर आठवा. पृष्ठभागावर खोदता येत नाही म्हणजे खालचं तेल हाती लागत नाही, असं होत नाही. मोकळ्या उरलेल्या जागेवरून मैलभर आडवं गेलं तर जमिनीखालचा सुमारे ४२ टक्के भाग गाठता येईल, असा अंदाज कोलोराडो स्कूल ऑफ माइन्समधल्या एका अर्थशास्त्रज्ञाने काढला. वर १५ टक्के आणि खाली ४२ टक्के, दोन्ही आकडे एकाच नियमाचे. एक आकडा विरोधकांच्या जाहिरातीत गेला आणि दुसरा समर्थकांच्या. असा आकडा ऐकला की तो वरच्या जमिनीचा आहे की खालच्या थराचा, एवढं विचारून घ्यावं.

६. ज्यांचा संसार विहिरींवर चालतो

विहिरींची बाजू घेणाऱ्या सगळ्यांना कंपनीचे हस्तक समजणं अन्यायाचं होईल. वेल्ड कौंटीत हजारो कुटुंबांची मिळकत या उद्योगातून येते: खोदकामगार, ट्रकचालक, वेल्डर, त्यांना जेवू घालणारी हॉटेलं. तेल आणि वायूवरच्या मालमत्ता करातून शाळा, अग्निशमन दल, ग्रंथालयं यांना पैसा मिळतो. वेल्ड कौंटी स्वतःचा विक्रीकर लावत नाही आणि आपल्यावर दीर्घ मुदतीचं कर्ज नाही असं अभिमानाने सांगते.

शेतकऱ्याचं म्हणणं आणखी वेगळं असतं. दुष्काळात आणि पडत्या भावात ज्या रॉयल्टीने शेत राखलं, ती शहरातून कालपरवा आलेल्या शेजाऱ्याने बंद करावी हे त्याला पटत नाही. खनिज हक्क ही त्याच्या लेखी वडिलोपार्जित मालमत्ताच आहे. उद्योगाचा दावा असा, की इथलं तेल थांबलं म्हणून वापर थांबणार नाही. ते दुसऱ्या देशातून, कदाचित ढिल्या नियमांखालून येईल. या दाव्यात तथ्य आहे. कोलोराडोने २०१४ मध्येच तेलउद्योगातल्या मिथेन वायूच्या गळतीवर नियम केले आणि असे नियम करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य ठरलं.

पण या युक्तिवादाने एक गोष्ट सुटत नाही. फायदा कौंटीभर पसरतो आणि आवाज, धूर, भीती पॅडच्या आसपासच्या काही घरांवर साचते. सगळ्यांच्या सोयीसाठी थोड्यांनी सोसायचं असेल, तर त्या थोड्यांना आधी विचारायला नको का?

ही घरं कोणाची असतात, हेही पाहायला हवं. ग्रीली शहरात एका शाळेजवळच्या जागेला पालकांनी विरोध केला आणि तो बेत सोडला गेला. त्या शाळेत बहुसंख्य मुलं गोरी होती. पुढे २४ विहिरींचा पॅड बेला रोमेरो या शाळेच्या मैदानामागे मंजूर झाला. तिथली बहुसंख्य मुलं लॅटिनो आणि कमी उत्पन्नाच्या घरांतली. ज्यांच्याकडे सभेला जायला वेळ, इंग्रजीवर पकड आणि वकिलाला द्यायला पैसा असतो, त्यांच्यापासून विहीर लांब सरकते. नियमातलं अंतर सगळ्यांना सारखं असलं, तरी प्रत्यक्षातलं अंतर असं बदलतं.

७. निर्णय कोणाचा?

लाँगमाँट शहराने २०१२ मध्ये साठ टक्क्यांच्या आसपास मतांनी हद्दीत फ्रॅकिंगला बंदी घातली. फोर्ट कॉलिन्सने पुढच्या वर्षी पाच वर्षांची स्थगिती दिली. २ मे २०१६ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही निर्णय रद्द केले. तेल काढू देणं हा राज्याच्या कायद्याचा विषय आहे, शहराला त्याविरुद्ध जाता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. शेजाऱ्यांनी बहुमताने घेतलेला निर्णय टिकला नाही.

म्हणून विरोधकांनी राज्यभराचं मतदान मागितलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये २५०० फुटांचा प्रस्ताव क्रमांक ११२ मतदानाला आला. उद्योगाने त्याविरुद्धच्या प्रचारावर कोट्यवधी डॉलर ओतले, समर्थकांकडे त्याच्या मानाने फार थोडा पैसा होता. गव्हर्नरपदाचे दोन्ही प्रमुख उमेदवारही प्रस्तावाच्या विरोधात होते. साधारण ५५ टक्के मतं विरोधात पडली आणि प्रस्ताव फेटाळला गेला. त्याच मतदानात उद्योगाच्या पाठिंब्याची एक घटनादुरुस्तीही होती: सरकारी नियमामुळे मालमत्तेची किंमत घटली तर भरपाई द्यावी. मतदारांनी तीही नाकारली. सरसकट बंद नको आणि नियमांचे हात बांधणंही नको, असा त्या दोन निकालांचा अर्थ मला लागतो.

पुढचं पाऊल विधिमंडळाने उचललं. १६ एप्रिल २०१९ रोजी गव्हर्नर जेरेड पोलिस यांनी सिनेट विधेयक १८१ वर सही केली. १९५१ पासून तेलउत्पादनाला चालना देणं हे आयोगाचं काम होतं. आता लोकांचं आरोग्य, सुरक्षितता आणि पर्यावरण यांचं रक्षण करत नियमन करणं हे त्याचं पहिलं काम ठरलं. शहरांना आणि कौंटींना विहिरीच्या जागेबद्दल अधिकार मिळाले. खनिज सक्तीने एकत्र करायचं तर ४५ टक्के हक्कांच्या मालकांची साथ आधी मिळवण्याची अट आली. नव्या आयोगाने २०२० च्या शेवटी २००० फुटांचा नियम केला आणि जानेवारी २०२१ पासून तो लागू झाला.

नियमाला अपवाद आहेत. ५०० ते २००० फुटांच्या मधल्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी समजून उमजून संमती दिली, किंवा तितकंच संरक्षण दुसऱ्या उपायांनी मिळतं असं आयोगाला पटलं, तर परवानगी मिळू शकते. त्यामुळे भांडण मिटलं नाही, फक्त प्रत्येक अर्जागणिक नव्याने होऊ लागलं. ऑरोरा शहराच्या जलाशयाजवळ लाउरी रँच भागात १६६ विहिरींच्या आराखड्याला रहिवाशांनी जोरदार विरोध केला. ऑगस्ट २०२४ मध्ये आयोगाने तो मंजूर केला.

८. मग खरा आकडा कोणता?

इतर ठिकाणी पाहिलं तर उत्तर आणखी पसरतं. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये घरं आणि शाळांपासून ३२०० फुटांचा कायदा केला. टेक्सासमधल्या डेंटन शहराने २०१४ मध्ये मतदानाने फ्रॅकिंग बंद केलं, तर काही महिन्यांतच राज्याने शहरांचा तो अधिकारच काढून घेतला. माणसाचं फुप्फुस कॅलिफोर्नियात आणि टेक्सासात वेगळं नसतं. वेगळी असते ती निर्णयाची रीत.

विज्ञान आपल्याला एक उतरण दाखवतं: जवळ धोका जास्त, लांब जाल तसा कमी. त्या उतरणीवर रेघ कुठे ओढायची हे विज्ञान सांगत नाही. दहा हजारांत एक की दहा लाखांत एक, कोणाचा धोका कोणाच्या मिळकतीसमोर तोलायचा, शंका असेल तर तिचा फायदा कंपनीला द्यायचा की मुलांना, हे समाजाने ठरवायचं असतं. ५०० चा आकडा वाटाघाटीतून आला होता. २००० चा आकडा अभ्यासाच्या आधाराने आला, पण तो लागू झाला तो शेजाऱ्यांनी वर्षानुवर्षं सह्या गोळा केल्या, खटले लढले, निवडणूक हरूनही सभांना येणं सोडलं नाही म्हणून.

भारतातही हा प्रश्न दूरचा नाही. महाराष्ट्राजवळ तेल निघतं ते समुद्रातल्या बॉम्बे हायमधून, म्हणून आपल्या गावात विहीर येत नाही. आसाममध्ये ती गावातच असते. २७ मे २०२० रोजी तिनसुकिया जिल्ह्यातल्या बागजान गावाजवळ ऑइल इंडियाच्या विहिरीतून वायू उसळला आणि ९ जूनला पेटला. अग्निशमन दलाचे दोन जवान मरण पावले, घरं जळाली, हजारो लोकांना छावण्यांत राहावं लागलं. आग पुरती विझायला नोव्हेंबर उजाडला. त्याच वर्षी जानेवारीत केंद्र सरकारने शोधविहिरींना जनसुनावणीच्या अटीतून सूट देणारी अधिसूचना काढली होती. बागजानची विहीर उत्पादनाची होती, शोधविहीर नव्हती. पण शेजाऱ्याला काय काय सोसावं लागू शकतं हे बागजानने दाखवलं, आणि त्या शेजाऱ्याला आधी विचारण्याची वाट त्याच वर्षी अरुंद झाली होती.

तेव्हा कोणत्याही गावात अशी नोटीस आली, तर किती फूट हा प्रश्न विचाराच, पण त्याबरोबर आणखी चार विचारा. अंतर पॅडच्या कडेपासून मोजलंय की विहिरीच्या तोंडापासून? या पॅडवर एकूण विहिरी किती आणि सगळ्यात जास्त धूर निघणारे महिने कोणते? जुन्या विहिरी आणि नळ्यांचा नकाशा कुठे आहे? आणि बिघाड झाला तर खर्च कोण देणार, हे कोणत्या कागदावर लिहिलंय? ही उत्तरं खोदकामाआधी, गावाच्या भाषेत, सर्वांसमोर मिळाली पाहिजेत. ती मिळवण्याचा हक्क ज्या शेजाऱ्यांकडे नाही, त्यांना ५०० आणि २५०० फुटांतला कोणताही आकडा पुरेसा नाही.